दांडा ज्याच्या त्याच्या मापाचा: स्वस्त रायफलीचा स्टॉक बदलण्याआधी

बाबांना फोनवर म्हटलं, रायफलीचा स्टॉक बदलतेय. त्यांनी विचारलं, "स्टॉक म्हणजे?" म्हटलं, "दस्ता हो बाबा. खांद्याला लावतात, गाल टेकवतात, तो मागचा लाकडी भाग." ते लगेच म्हणाले, "म्हणजे दांडा बदलतेयस. मग बरोबर आहे. दांडा ज्याच्या त्याच्या मापाचाच लागतो. तुझ्या आईची कुदळ मी घेतली तर माझी कंबर धरते, माझी तिने घेतली तर तिचे खांदे भरून येतात."

मला या विषयावर जे सांगायचंय त्यातलं निम्मं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. उरलेलं निम्मं इथे लिहिते.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहते. इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. अंगावर भडक नारिंगी जाकीट सक्तीचं असतं; २०१६ पासून भडक गुलाबीही चालतं. या हंगामात उतरणाऱ्या नवशिक्यांपैकी अनेकांची पहिली रायफल म्हणजे चारशे-पाचशे डॉलरची बोल्ट-ॲक्शन. बोल्ट-ॲक्शन म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिटी वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडलं की पुढे ढकलून खाली दाबायची. यंत्र साधं, बिघडायला फारसं काही नाही.

या किमतीच्या रायफली गेल्या पंधरा वर्षांत खूपच सुधारल्या. सॅव्हेजची ॲक्सिस, २०१२ च्या सुमाराची रुगर अमेरिकन, २०१३ ची रेमिंग्टन ७८३ या सगळ्या त्याच लाटेतल्या. आधुनिक यंत्रांवर नळी अचूक आणि स्वस्तात बनते. रुगर अमेरिकनची नळी हातोडा-फोर्जिंगने, म्हणजे बाहेरून ठोके देऊन, घडवलेली असते, सॅव्हेजच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, कठीण धातूचं बटण ओढून पाडतात. दोन्ही पद्धती महागड्या रायफलींतही वापरतात. मग किंमत कमी कशी ठेवली? बहुतांशी दस्त्यात. साच्यात प्लॅस्टिक ओतलं की काही मिनिटांत एक दस्ता तयार. तो हलका असतो, पावसाने फुगत नाही, पण पोकळ असतो, लवतो, आणि सगळ्यांसाठी एकाच मापाचा असतो.

म्हणून स्वस्त रायफल घेतलेल्या माणसाची नजर काही महिन्यांत बाजारातल्या वेगळ्या स्टॉककडे जाते. लाकडी, लॅमिनेटचे, फायबरग्लासचे, ॲल्युमिनियमचे. शंभर-दीडशे डॉलरपासून हजारापर्यंत. यात पैसे वाया घालवणं फार सोपं आहे. म्हणून आधी दस्ता नेमकं करतो काय, ते समजून घ्यायला हवं.

नळीला हात लावू नका

देवळातली घंटा हाताने धरून वाजवली तर टणत्कार येत नाही, नुसता 'ठक्' असा आवाज येतो. रायफलीची नळीही घंटेसारखीच धातूची, एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. चाप ओढला की गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडाच जास्त वेळ लागतो, पण तेवढ्यात नळी थरथरते. ही थरथर थांबवता येत नाही, आणि थांबवायची गरजही नाही. ती दर वेळी सारखी असली म्हणजे झालं. गोळी दर वेळी थरथरीच्या त्याच टप्प्यावर बाहेर पडली, तर त्याच ठिकाणी लागेल.

गडबड कधी होते? नळीला कुठेतरी काहीतरी टेकत असेल आणि ते टेकणं दर वेळी वेगळं असेल तेव्हा. म्हणून नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांत फट ठेवतात. याला फ्री-फ्लोट म्हणतात. तपासायला एक डॉलरची नोट पुरते. ती नळीखाली घालून टोकापासून मागे सरकवत न्यायची. कुठे अडली नाही, तर नळी मोकळी आहे.

माझ्या रायफलीत नोट सहज सरकली. मी समाधानाने ती बायपॉडवर, म्हणजे पुढच्या दोन पायांवर, ठेवली आणि नेम धरायला किंचित पुढे रेलले. शेजारच्या वयस्क शिकाऱ्याने मला तिथेच थांबवलं आणि म्हणाला, आता नोट घाल. नोट हलेना. माझ्या खांद्याच्या रेट्याने प्लॅस्टिक वाकून नळीला टेकलं होतं. म्हणजे वाळूच्या पिशवीवर ठेवून मारलं तर नळी मोकळी, बायपॉडवर मारलं तर बांधलेली. एकच रायफल, पण आधार बदलला की गोळ्या वेगळ्या ठिकाणी. महिनाभर मी रायफलीवरच्या नेम धरायच्या दुर्बिणीला दोष देत होते.

हा दोष सगळ्याच स्वस्त रायफलींत असतो असं नाही, पण लवचीक पुढचा भाग ही या वर्गाची नेहमीची तक्रार आहे. तुमच्या रायफलीत तो आहे का, हे नोटेने पाच मिनिटांत कळतं. बघताना रायफल रिकामी, बोल्ट, म्हणजे खिटी लावलेला सरकता दांडा, बाहेर काढलेला. आणि ज्या आधारावरून तुम्ही खरोखर मारता, त्याच आधारावर बघायचं.

नळीला टेकणारा दस्ता केवढा गोंधळ घालतो, याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं. अमेरिकी मरीन कोअरने १९६६ मध्ये रेमिंग्टन ७०० वर बेतलेली एम४० ही रायफल आपल्या स्नायपर्सना दिली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. तिथल्या दमट हवेत लाकूड फुगलं, वाकलं, आणि नेम सरकू लागला. सत्तरच्या दशकात आलेल्या एम४०ए१ ला मॅकमिलन कंपनीचा फायबरग्लासचा दस्ता बसवला, त्याचं एक मोठं कारण हेच.

लाकडाचं फुगणं शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला नवं नाही. दांडा सैल झाला की आम्ही कुदळ रात्रभर पाण्यात ठेवायचो. सकाळी दांडा फुगून घट्ट. कुदळीत उपयोगी पडणारा तोच गुण रायफलीत नडतो. म्हणून आज लाकूडच हवं असेल तर बहुतेक जण लॅमिनेट घेतात: बर्चच्या पातळ पट्ट्या राळ लावून दाबून एक केलेला ठोकळा. साऊथ डकोटातल्या मिचेल गावातली बॉइड्स कंपनी या कामासाठी ओळखली जाते. लॅमिनेट अखंड लाकडापेक्षा खूपच कमी फुगतं-वाकतं. जड मात्र असतं. दिवसभर जंगलात फिरणार असाल तर वजनाचा विचार घेण्याआधी करा, घेतल्यावर नाही.

बैठक

नळीचा मागचा भाग ज्या पोलादी डब्यात आवळलेला असतो आणि ज्यात बोल्ट सरकतो, त्याला ॲक्शन म्हणतात. ही ॲक्शन दोन-तीन स्क्रूंनी दस्त्यात बसवलेली असते. गोळी सुटली की सगळा धक्का ॲक्शनमधून दस्त्यात आणि दस्त्यातून तुमच्या खांद्यात येतो. धक्का झेलायला एक पोलादी दात असतो, त्याला रिकॉइल लग म्हणतात. हा दात दस्त्याच्या खाचेत घट्ट बसला नसेल तर प्रत्येक गोळीला ॲक्शन केसभर मागे-पुढे होते. केसभरच, पण ९१ मीटरवर, म्हणजे १०० यार्डांवर, नेम चुकायला तेवढं पुरतं.

जात्याचा खुंटा हलवून बळकट करतात, तशीच इथेही रीत आहे. स्क्रू हलके लावायचे, रायफल उभी करून, नळी आकाशाकडे ठेवून, दस्त्याचं बूड जमिनीवर अलगद ठोकायचं. वजनाने दात खाचेच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकतो. मग आधी पुढचा स्क्रू, नंतर मागचा, असं थोडं थोडं आवळत न्यायचं. हाताच्या अंदाजाने नाही. टॉर्क, म्हणजे स्क्रू आवळायचा जोर, इंच-पौंडात मोजणारा पाना लागतो. साधा लाकडी दस्ता, आत धातूची नळकांडी बसवलेला दस्ता आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा यांचे आकडे वेगळे असतात, साधारण चाळिशीपासून पासष्टीच्या घरात. नेमका आकडा दस्त्याबरोबर आलेल्या कागदावर बघायचा. लाकूड जास्त आवळलं तर दबतं, आणि एकदा दबलं की परत येत नाही.

बैठक चांगली आहे का, हे बोटाला कळतं. रायफल उभी धरा, दस्त्याचं पुढचं टोक आणि नळी यांच्या सांध्यावर एक बोट ठेवा, आणि दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाखाली नळी उचलल्यासारखी सरकली तर समजा, ॲक्शन दस्त्यात वाकवून आवळलेली होती. काहीच सरकलं नाही तर बैठक नीट आहे. मला हा सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. हजार डॉलरचं उपकरण जे सांगेल ते तर्जनी सांगते.

बैठक वाकडी असेल तर त्यावर बेडिंग हा उपाय. ॲक्शनखाली पोलादाच्या चुऱ्याचं किंवा काचतंतूचं इपॉक्सी भरून तिचा हुबेहूब ठसा उठवायचा. ॲक्शनला आधी मेणाचा किंवा बुटांच्या पॉलिशचा लेप द्यावा लागतो, नाहीतर ती कायमची चिकटते. पहिल्यांदा करणाऱ्याने हे काम जाणत्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे, द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि स्वस्त दस्त्याच्या गुळगुळीत प्लॅस्टिकला इपॉक्सी नीट धरतही नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दात कुठे असतो, हे प्रत्येक रायफलीत वेगळं असतं. रेमिंग्टन ७०० मध्ये तो नळी आणि ॲक्शन यांच्यामध्ये आवळलेला असतो. रुगर अमेरिकनमध्ये दस्त्यातच पोलादी ठोकळे असतात आणि ॲक्शनच्या खाचा त्यांवर बसतात. त्यामुळे नुसतं काडतुसाचं माप सांगून, 'हा स्टॉक .३०८ ला बसतो का' असं विचारून काही उपयोग नाही. रायफलीचं नाव, ॲक्शनची लांबी, मॅगझिनचा (काडतुसं भरायच्या डबीचा) प्रकार आणि नळीची जाडी, एवढं सगळं जुळायला लागतं. १९६२ पासून चालत आलेल्या रेमिंग्टन ७०० साठी वाटेल तितके पर्याय आहेत. स्वस्त रायफलींसाठी मोजके.

आता तुमचं शरीर

वरच्या दोन गोष्टी यंत्राच्या झाल्या. बाबांनी जी सांगितली ती तिसरी, आणि नेमबाजाला सगळ्यात जास्त फायदा याच गोष्टीचा होतो.

दस्त्याचं पहिलं माप म्हणजे चापापासून बुडापर्यंतचं अंतर. दुकानातल्या बहुतेक रायफलींत ते साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. माझी उंची पाच फूट तीन इंच. साडेतेरा इंचांचा दस्ता मी खांद्याला लावला की हात ताणला जातो, मान पुढे काढावी लागते, वजन पुढे जातं आणि पाठ मागे झुकते. त्यात नोव्हेंबरातलं जाड जाकीट म्हणजे आणखी अर्धा इंच. उन्हाळ्यात शर्टावर बरी वाटलेली रायफल हंगामात लांब होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलांसाठी आणि बुटक्या माणसांसाठी काही रायफली आखूड दस्त्यात मिळतात. रुगर अमेरिकनच्या कॉम्पॅक्टमध्ये हे माप साडेबारा इंच आहे.

दुसरं माप गालाचं. दुर्बीण नळीच्या वर बसते, पण स्वस्त दस्त्याची गाल टेकवायची कड बऱ्याचदा खालीच असते. मग गाल टेकवला तर डोळा दुर्बिणीच्या खाली राहतो, आणि डोळा मध्यावर आणला तर गाल हवेत. हनुवटी टेकवून नेम धरायचा म्हणजे मान दर वेळी वेगळी. डोळा मध्यापासून सरकला की निशाणावरची फुलीही सरकल्यासारखी दिसते, यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. शिकारीच्या बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डांवर हा दोष येऊ नये अशा बेताने जुळवलेल्या असतात. त्याच्या फार पुढे किंवा फार अलीकडे तो हळूच डोकं वर काढतो.

हे माप किती महत्त्वाचं, ते आपल्याकडच्या नेमबाजांना पक्कं माहीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, आणि गुडघ्यावर, पोटावर, उभं राहून अशा तीन अवस्थांमध्ये मारावं लागतं. या खेळातल्या रायफलीचा दस्ता नीट बघा. गालपट्टी वर-खाली होते, बूड लांब-आखूड होतं, तिरकंही होतं, आणि प्रत्येक अवस्थेसाठी नेमबाज ती मापं नव्याने लावतात. शरीर रायफलीला जुळवून घेत नाही, रायफल शरीराला जुळवतात.

भारतात शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि बंदूक बाळगणं परवान्याच्या चौकटीत आहे, त्यामुळे तिथल्या वाचकाचा या विषयाशी संबंध येईल तो शूटिंग रेंजवरच. पण पोराला एअर रायफल शिकायला घालत असाल, तर क्लबची मोठ्यांच्या मापाची रायफल त्याच्या खांद्यावर कशी बसते ते एकदा शेजारी उभं राहून बघा. प्रशिक्षकांना विचारायला संकोच करू नका. मान वाकडी करून शिकलेली सवय पुढे सोडवताना फार त्रास होतो.

मग बदलावा का?

आधी खर्चाचं बघू. साडेचारशेच्या रायफलीला अडीचशेचा स्टॉक लावला की सातशे डॉलर झाले. तेवढ्यात मुळातच चांगल्या दस्त्याची रायफल येते. विकताना स्टॉकचे पैसे परत मिळत नाहीत. .३०८ चं एक काडतूस साधारण एक ते दोन डॉलरला पडतं, म्हणजे त्या अडीचशेत दीडशे गोळ्यांचा सराव. रायफल नवी असेल आणि तुम्हीही नवे असाल, तर मी डोळे मिटून सराव निवडायला सांगेन. स्क्रू योग्य टॉर्कला आवळणं, पट्ट्याने बांधायची तीस-चाळीस डॉलरची गालपट्टी, बूड कापून आखूड करून घेणं, एवढ्यावर पुष्कळांचं काम भागतं.

दुसरी सावधगिरी आकड्यांची. लोक जुन्या दस्त्याने तीन गोळ्या मारतात, नव्याने तीन मारतात, आणि झुपका, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा पसारा, लहान आला की खूश होतात. तीन गोळ्यांवरून काहीच कळत नाही. एकाच रायफलीतून, काहीही न बदलता, तीन गोळ्यांचा झुपका सरासरी एक इंच येत असेल, तर पाच गोळ्यांचा सव्वा इंचाच्या पुढे जातो आणि दहांचा दीड इंचाच्या वर. हा निव्वळ संख्याशास्त्राचा परिणाम आहे. खरी तुलना करायची तर दोन्ही वेळा दहा गोळ्या, त्याच पेटीतल्या, नळी गार होऊ देत.

मी बदलला, कारण माझ्याकडे दोन ठोस कारणं होती: बायपॉडवर वाकणारा पुढचा भाग आणि लांब पडणारं बूड. लॅमिनेटचा, बूड आणि गालपट्टी दोन्ही बटणावर सरकणाऱ्या प्रकारातला घेतला. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक कायद्यानुसार अनुक्रमांक असलेली ॲक्शन म्हणजे 'बंदूक', दस्ता हा नुसता सुटा भाग. त्यामुळे तो सरळ पोस्टाने घरी येतो. तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, ते आपापले बघून घ्यावेत.

स्क्रू आवळले आणि बोल्ट बंद केला, तर खिटी शेवटच्या क्षणी जड लागली. पूर्ण खाली जात होती, पण कुठेतरी घासून. खिटीसाठी दस्त्यात जी खाच असते ती केसभर उथळ होती. नेमकी कुठे घासते ते दिसेना. मग मी माझी काजळाची डबी आणली. खिटीच्या मुळाशी बोटाने पातळ काजळ लावलं, बोल्ट बंद केला, उघडला. खाचेच्या मागच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका उठला होता. पेन्सिलीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून तेवढाच ठिपका घासला, पुन्हा काजळ, पुन्हा बोल्ट. चौथ्या वेळी ठिपका उठला नाही. उघडं पडलेलं लाकूड लाखेने बंद केलं, नाहीतर तिथूनच ओल शिरते. नंतर कळलं की दस्ते घडवणारे जुने कारागीर हेच करतात, दिव्याच्या काजळीने.

खिटी मोकळी झाल्यावर बाकीचं तपासलं: सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, दोन्हीकडे पूर्ण सरकते का, चाप कुठे अडत नाही ना, मॅगझिन न ढकलता बसतं आणि सुटतं का. हे रिकाम्या रायफलीवर, पुन्हा पुन्हा. चाप किंवा सेफ्टी जराही अडत असेल तर ती रायफल रेंजवर न्यायचीच नाही.

मापं लावायला मी आरशासमोर उभी राहिले नाही. हंगामातलं नारिंगी जाकीट अंगात घातलं, डोळे मिटले, रायफल खांद्याला लावली, गाल सहज पडला तिथे टेकवला आणि डोळे उघडले. दुर्बिणीत काळी चंद्रकोर दिसली, म्हणजे डोळा खाली. गालपट्टी एक घर वर. पुन्हा डोळे मिटले. बूड अर्धा इंच आत. सातव्या-आठव्या खेपेला डोळे उघडले तेव्हा पूर्ण गोल, स्वच्छ चित्र समोर होतं आणि मान कुठेही ओढली जात नव्हती. तिथे टेपने खूण केली.

नेम अर्थातच नव्याने लावावा लागला. दस्ता उतरवून बसवला की तो सरकतोच. पहिल्या वीस गोळ्यांनंतर स्क्रू पुन्हा टॉर्क पान्याने बघितले, पुढचा थोडा सैल झाला होता. आता दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेच करते: घरातलं हीटर सुरू झालं की हवा कोरडी होते आणि लाकूड थोडंसं आकसतं. आधी पाना, मग नोट, मग जाकीट घालून डोळे मिटून खांद्याला.